उष्णकटिबंधातली खेडी अशी गबाळी का दिसतात?

आडवाट (धागाकर्ता)

कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या कुठल्याही लहान खेड्याचे फोटो काढून बघा. बुर्किना फासो असो, फिलिपिन्स असो की ब्राझीलचा आतला भाग, काही गोष्टी सारख्याच दिसतात. अंगण उघडंबोडकं, गवताचं पातं नाही. शेतात मात्र सगळी सरमिसळ: मक्यात चवळी, चवळीत भोपळा, बांधाला कसावा आणि ऐन मध्यावर एखादं झाड तसंच ठेवलेलं. एकाच घरची जमीन चार दिशांना चार तुकड्यांत. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये वीतभर फट. बाहेरून आलेल्या माणसाचे हात शिवशिवतात, की हे जरा नीट लावून द्यावं. वसाहतींच्या काळातले साहेब, नंतरचे शेतीतज्ज्ञ, योजना घेऊन येणारे अधिकारी, सगळ्यांचे शिवशिवून झालेत.

माझं म्हणणं असं, की या गबाळेपणाला पद्धत आहे आणि तिचं मूळ एका गोष्टीत आहे: तिथे हिवाळा नाही. बर्फाच्या देशात दरवर्षी थंडी येते आणि किडी, तण, डास यांचा बराचसा निकाल लावून जाते. शेतकऱ्याला फुकटात फवारणी. उष्णकटिबंधात ही सोय नाही. कोरडा ऋतू थोडी उसंत देतो, पण विषुववृत्ताजवळ जिथे बाराही महिने पाऊस, तिथे तीही नाही. लाकूड वाळवी खाते, धान्य सोंडे खातात, गवताचं छप्पर कुजतं, काढलेलं तण पंधरवड्यात परत हजर. एकदा व्यवस्थित करून ठेवलं आणि ते तसंच राहिलं, असं तिथे होतच नाही.

अंगणाचंच घ्या. रोज झाडून झाडून ते इतकं टणक होतं की पाणी वाहून जातं, डबकं साचत नाही. गवत नसलं की सापाला लपायला जागा नाही. झाडलेल्या मातीवरून रात्री काय सरपटून गेलं त्याची रेघ सकाळी दिसते. कोरड्या दिवसांत वणवा लागला तर आग घरापर्यंत पोचायला मध्ये काही जळण्यासारखं नसतं. दारात हिरवळ लावून द्यायची हौस असलेल्यांनी यातला एकही मुद्दा विचारात घेतलेला नसतो.

तुकड्यातुकड्यांच्या शेतांचंही तसंच. तिकडचा पाऊस पुष्कळदा दुपारनंतर उभ्या ढगांतून पडतो. एका शिवारात धो धो आणि कोसभर पलीकडे थेंब नाही. सगळी जमीन एका जागी असली आणि तो ढग चुकला, की वर्ष गेलं. एक तुकडा उतारावर, एक ओढ्याकाठी, एक घराला लागून, अशी वाटणी असली की पायपीट वाढते, पण सगळंच बुडत नाही.

आता ऋतूंबद्दल, कारण धागा काढला तो मुख्यतः यासाठी. ग्रामीण गरिबीवर काम करणारे रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ मध्ये एक गोष्ट नेमकी पकडली होती: बाहेरचे लोक खेड्यात जातात ते पावसाळा सरल्यावर, आणि तेही डांबरी रस्त्याला लागून असलेल्या खेड्यात. तेव्हा पीक घरात आलेलं असतं, माणसं जरा अंगाने भरलेली दिसतात, लोकांकडे बोलायला वेळ असतो. पेरणी-खुरपणीच्या दिवसांतलं गाव बघायला कोणी जात नाही, कारण तेव्हा रस्ताच वाहून गेलेला असतो. नेमके तेच दिवस कठीण. जुनं धान्य संपत आलेलं, नवं अजून हिरवं, अंगमेहनत वर्षातली सर्वांत जास्त, आणि हिवतापही तेव्हाच. ऐन खुरपणीत घरातली बाई आठ दिवस तापाने पडली तर तण माजतं, पीक निम्म्यावर येतं आणि पुढच्या वर्षीची टंचाई महिनाभर आधी सुरू होते. एका घराची घसरण पुष्कळदा अशा आठ दिवसांतून सुरू झालेली असते.

गावाची सगळी मांडणी या चार महिन्यांच्या धास्तीने झालेली आहे आणि आपण फोटो बघतो ते उरलेल्या आठ महिन्यांतले. बोला.

बोरूबहाद्दर

वाचनखूण साठवली. माझ्या टेबलावरच्या पसाऱ्यालाही पद्धत आहे, हे घरी दाखवायला उपयोगी पडेल.

लालमाती

धागा आवडला, पण "मूळ एका गोष्टीत" हे पटलं नाही. माती कुठे गेली?

लाखो वर्षं ऊन-पाऊस झेललेल्या जमिनीतून चुना, पोटॅश, सिलिका धुऊन जातात आणि मागे राहतात लोखंड-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. म्हणून ती लाल. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरने १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात मलबारमधल्या अंगडिपुरमजवळच्या जांभ्याचं वर्णन केलंय: जमिनीत असतो तोवर लोखंडी हत्याराने सहज कापता येतो, उघड्यावर आला की कठीण होतो. असा थर जिथे वर येतो, तिथे नांगराचं काम संपतं.

जंगल दाट दिसतं म्हणून जमीन कसदार असेल, असं आपण धरून चालतो. तिथला कस बराचसा झाडांच्या अंगात असतो. पान पडलं की झपाट्याने कुजतं आणि वरवरची मुळं ते लगेच ओढून घेतात. जमिनीत शिल्लक फार पडतच नाही. झाडं तोडून जाळली की राखेच्या जोरावर दोन-तीन पिकं झकास येतात, मग जमीन बसते. फिरत्या शेतीचा हिशोब यावरच उभा आहे. दोन-तीन वर्षं पीक घ्यायचं आणि मग दहा-वीस वर्षं रान वाढू द्यायचं. माणसं वाढली, रानाला मिळणारी वर्षं चार-पाचवर आली, की हिशोब कोसळतो. त्यात शेतकऱ्याचा अडाणीपणा शोधणाऱ्यांनी आधी भागाकार करावा.

जावा बेट किंवा किलिमांजारोचा उतार इथे उलट चित्र आहे, कारण तिथे ज्वालामुखीची तरुण माती आहे. म्हणून जावाच्या खेड्यात माणसांची एवढी दाटी पेलते, आणि किलिमांजारोवरचे चाग्गा लोक घराभोवतीच्या त्याच बागेत पिढ्यानपिढ्या वर मोठी झाडं, मध्ये केळी, खाली कॉफी आणि त्याखाली भाजी असं मजल्यामजल्यांनी लावत आलेत. हिवाळा दोन्हीकडे नाही, पण गावं वेगळी.

आणि "नीट लावून देणाऱ्यांचा" नमुना हवा असेल तर टांगानिका. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये खाद्यतेलाची टंचाई होती, म्हणून सरकारने १९४७ मध्ये टांगानिकात (आजचा टांझानिया) लाखो एकरांवर यंत्रांनी भुईमूग लावायला घेतला. तिथल्या कोंग्वा भागातल्या झुडपांच्या मुळांत अवजारं मोडली. कोरड्या दिवसांत जमीन एवढी आवळली की शेंगा निघेनात. पाऊस हवा तेव्हा आला नाही. १९५१ मध्ये गाशा गुंडाळेपर्यंत साडेतीन कोटींहून जास्त पौंड बुडाले होते. तो मुलूख अवर्षणाचा आहे हे तिथे गुरं राखणाऱ्या गोगो लोकांना ठाऊक होतं. त्यांना विचारणार कोण?

तिरकस

झालं. आता पुढचे प्रतिसाद "पूर्वजांना सगळं ठाऊक होतं" या चालीवर येणार. माझा एकच प्रश्न आहे. गवताचं छप्पर, मातीच्या भिंती, वळचणीची फट यात एवढी पद्धत होती, तर हातात चार पैसे येताच तीच माणसं गवत काढून पत्रा का घालतात? जगात सगळीकडे घालतात. मातीच्या घराचं कौतुक करणारे सगळे स्लॅबखाली बसून लिहितात.

कौलारू

तिरकस, प्रश्न रास्त आहे. उत्तर गवतातच आहे.

चांगलं शाकारलेलं छप्पर दुपारी थंड राहतं, पावसात आवाज करत नाही, आणि घरातल्या घरात दुरुस्त होतं. पण ते टिकतं कशावर? खालच्या चुलीच्या धुरावर. धूर वर चढतो, गवतात मुरतो, वासे काळे तुकतुकीत होतात आणि वाळवी-किडे लांब राहतात. म्हणून तर बियाण्याची कणसं चुलीच्या वर टांगतात. आडवाट म्हणतात ती फट या धुराला बाहेर काढायची वाट. एवढं करूनही काही वर्षांनी गवत बदलावंच लागतं, त्याला भारे लागतात, माणसं लागतात. गुरांनी आणि नांगराने माळरानं खाल्ली, तिथे तसं उंच गवतच मिळेनासं झालं. तरुण माणसं शहरात गेली, मग शाकारायला वर चढणार कोण? पत्रा एकदा घातला की बरीच वर्षं बघायला नको. दुपारी घराची भट्टी होते आणि पावसात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, हे घालणाऱ्यालाही माहीत असतं. त्याने हिशोब करूनच घातलेला असतो.

पत्रा आणि माती यांचा संसार नीट लावून दाखवला तो फ्रान्सिस केरे या वास्तुरचनाकारांनी. बुर्किना फासोमधल्या गांदो या त्यांच्या स्वतःच्या गावी २००१ मध्ये प्राथमिक शाळा उभी राहिली. भिंतींच्या विटा तिथल्याच मातीत थोडं सिमेंट मिसळून दाबून केलेल्या. वर्गावर भोकं ठेवलेलं मातीच्या विटांचंच छत, आणि त्याच्या वर बरंच अंतर सोडून लोखंडी सळयांच्या कैच्यांवर पत्रा. पत्रा तापला की त्याच्याखालची हवा हलते आणि वर्गातली गरम हवा भोकांतून वर ओढली जाते. वीज लागत नाही. पत्र्याचा पाखा भिंतीच्या खूप बाहेर काढलाय, त्यामुळे पाऊस मातीच्या भिंतीला झोडपत नाही. बांधली गावकऱ्यांनीच. २००४ मध्ये या शाळेला वास्तुरचनेचा आगाखान पुरस्कार मिळाला, आणि २०२२ मध्ये केरेंना या क्षेत्रातला सर्वांत मानाचा प्रित्झकर. तो मिळवणारे ते पहिले आफ्रिकी वास्तुरचनाकार.

साधी_सुई

मी डॉक्टर आहे, त्यामुळे चुलीच्या धुराचं कौतुक वाचून हात शिवशिवले. घरातल्या धुराने २०२० या एका वर्षात जगात अंदाजे ३२ लाख माणसं गेली, असं जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा सांगतो. गवत टिकतं, फुप्फुस टिकत नाही. चुलीपाशी कोण बसतं आणि पाठीला कोण बांधलेलं असतं, तेही लक्षात घ्या.

वळचणीच्या फटीबद्दल. आफ्रिकेत हिवताप पसरवण्यात पुढे असलेली ॲनोफिलिस गॅम्बिये या जातीची मादी रात्री घरात शिरते ती बहुतेक वेळा याच फटीतून. माणसाच्या वासावर भिंतीपर्यंत येते, भिंत आडवी आली की वर उडते आणि छपराखालून अलगद आत. २०२३ मध्ये जगात हिवतापाचे अंदाजे २६ कोटी ३० लाख रुग्ण झाले आणि सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं गेली. त्यातले साधारण ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेत, आणि तिथल्या मृतांत चारांतली तीन पाच वर्षांखालची मुलं. फट बुजवली तर घर कोंदतं हे कबूल, पण जाळी ठोकली तर हवाही जाते आणि डासही अडतो. औषध लावलेली मच्छरदाणी नीट खोचून झोपलं तर जमिनीवर झोपणाऱ्याला सापापासूनही आडोसा मिळतो, हा वरचा फायदा. सर्पदंशाने दरवर्षी ८१ हजार ते १ लाख ३८ हजार माणसं मरतात, आणि ती मुख्यतः अशाच खेड्यांतली.

मातीच्या भिंतीला भेग पडू दिली तर काय होतं, ते लॅटिन अमेरिकेत बघा. १९०९ मध्ये कार्लोस शागास या ब्राझिली डॉक्टरने लासांस या गावी एका नव्या रोगाचा (आजचा शागास रोग) छडा लावला. ढेकणाच्या जातकुळीतला बोटाच्या पेराएवढा कीटक दिवसा कुडाच्या भेगांत आणि गवतात बसतो, रात्री झोपलेल्याच्या चेहऱ्यावर येऊन रक्त पितो आणि तिथेच विष्ठा टाकतो. खाजवलं की परजीवी आत. पुढे कित्येक वर्षं काही कळत नाही, आणि मग काही जणांचं हृदय ढिलं पडतं. त्यावर भिंत गुळगुळीत लिंपून भेगा बुजवणं हा इलाजाचा मोठा भाग आहे. तेव्हा गबाळेपणाला पद्धत असेल, पण ती पद्धत डासाला आणि ढेकणालाही पाठ झालेली असते.

तिरकस

आता कसं! हे ऐकायला थांबलो होतो.

साधी_सुई

थांबा, एवढ्यात टाळ्या नकोत. दुसरी बाजूही सांगते. नारू या जंताच्या रोगावर आजही लस नाही आणि औषधही नाही. १९८६ मध्ये जगात सुमारे ३५ लाख लोकांना नारू होत होता; २०२३ मध्ये सगळ्या जगात १४ जणांना झाला. पाणी कापडातून गाळणं, नारू बाहेर येत असलेल्या माणसाला तळ्यात उतरू न देणं, आणि गावागावांत हे बघणारा गावातलाच माणूस: मुख्यतः एवढ्यावर हे झालं. हातभर लांबीचा तो जंत काडीला गुंडाळत दिवसाला थोडा थोडा ओढून काढावा लागतो, आणि तो पुष्कळ ठिकाणी नेमका शेतीच्या हंगामात बाहेर येतो. आडवाट म्हणतात ती टंचाई या जंतानेही आणली आहे. ही लढाई त्या लोकांनी गाळणीच्या फडक्याने जिंकत आणली.

टिटवी

शेताच्या मध्ये उभ्या झाडाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आफ्रिकेच्या कोरड्या पट्ट्यात फेडहर्बिया अल्बिडा नावाचं बाभळीच्या नात्यातलं झाड आहे. त्याचं वेळापत्रक उलटं: सगळं रान पावसाने हिरवं होतं तेव्हा हे पानं गाळतं, आणि सगळं वाळतं तेव्हा याला पालवी. त्यामुळे पिकाला सावली लागत नाही, गळलेल्या पानांचं खत मिळतं, आणि कडक उन्हाळ्यात गुरांना सावली आणि शेंगा. हे झाड ट्रॅक्टरच्या वाटेत येतं म्हणून तोडा, असा सल्ला देणारे होऊन गेले.

अवांतर: तिथे संध्याकाळ होतच नाही म्हटलं तरी चालेल. सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत अंधार. कंदील आधीच पुसून ठेवावा लागतो.

आडवाट (धागाकर्ता)

लालमाती, माती मान्य, पण ती तशी झाली तीही बारमाही उष्म्यानेच, तेव्हा माझा मुद्दा मी सोडत नाही. :)

तिरकस, पद्धत म्हणजे पूर्वजांनी करून ठेवलेली आणि आपण हात न लावायची, असं मी कुठेच म्हटलेलं नाही. याकुबा सावाडोगो यांचं उदाहरण घ्या. बुर्किना फासोच्या यातेंगा भागातला शेतकरी. दुष्काळाच्या वर्षांनंतर तिथली जमीन वरून पापुद्रा धरून इतकी कठीण झाली होती की पाणी वरच्या वर वाहून जायचं. अशा जमिनीत छोटे खड्डे घेऊन बी टाकायची जुनी रीत होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सावाडोगोंनी ते खड्डे मोठे केले आणि पाऊस यायच्या आधी, भर उन्हाळ्यात, त्यात शेणखत-पालापाचोळा भरून ठेवायला सुरुवात केली. खत बघून वाळवी आली. तीच, जी घराचे वासे खाते! खतापर्यंत पोचायला तिने खालून बोगदे पोखरले, आणि पहिला पाऊस त्या बोगद्यांतून खोल उतरला. खतात आलेलं झाडांचं बी रुजलं तेही त्यांनी राखलं. लोक हसले, एकदा तर कोणी त्यांचं रानही पेटवून दिलं. पुढे त्या उजाड जागी जंगल उभं राहिलं आणि २०१८ मध्ये त्यांना 'पर्यायी नोबेल' म्हणतात तो राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. २०२३ मध्ये ते गेले. जुनी रीत होती, माणूस जिवंत होता, त्याने ती बदलली.

गोगलगाय

साठवणीवर कोणी लिहीना, म्हणून मी. कसाव्याचं कंद बाहेर काढलं की दोन-तीन दिवसांत खराब होतं, पण जमिनीत ठेवलं तर वर्षभर, कधी त्याहून जास्त टिकतं. म्हणजे उभं शेत हीच कणगी. शिवाय कडू जातींमध्ये सायनाइड तयार करणारा घटक असतो, त्यामुळे डुकरं, उंदीर फारसे वाटेला जात नाहीत. माणसं भिजवून, किसून, पिळून तो काढून टाकतात. हे काम बायकांचं, आणि फार वेळखाऊ. दुष्काळात घाईघाईने उरकलं की पाय लुळे पडण्याचे प्रकार आफ्रिकेत घडलेत.

१९७० च्या दशकात दक्षिण अमेरिकेतला पिठ्या ढेकूण आफ्रिकेत शिरला आणि कसावा आडवा झाला. हान्स हेरेन हे स्विस कीटकशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅराग्वेमध्ये सापडलेली, त्याच ढेकणावर जगणारी एक बारीक गांधीलमाशी वाढवून १९८१ पासून आफ्रिकेत सोडली. शेतकऱ्याला काही विकत घ्यावं लागलं नाही. हेरेनना १९९५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. हिवाळा नसल्याचा फायदा माशीलाही झाला असणार, हे आडवाटच्या बाजूने.

चवळीसाठी तिपदरी पिशवी: आत दोन प्लॅस्टिकच्या, बाहेर विणलेलं पोतं. तोंड गच्च बांधलं की आतले भुंगेरे स्वतःच प्राणवायू संपवून मरतात, औषध लागत नाही. पिशवीला भोक पडलं की मात्र सगळं मुसळ केरात.

तिरकस

ही पिशवी पटली. कौलारू, एक व्यवहाराचं विचारतो. पत्र्याचं घर आहे, केरेंसारखं दुसरं छत घालायची ऐपत नाही. पत्र्यावर गवत अंथरलं तर?

कौलारू

थेट अंथरू नका. गवत ओल धरून बसतं आणि पत्रा लवकर गंजतो, वर उंदरांची सोय होते. आतून, पत्र्याखाली हातभर अंतर सोडून बांबूची चटई बांधा, आणि दोन्ही टोकांना हवा जायला जागा ठेवा. त्या जागेला साधी_सुई म्हणतात ती जाळी.

साधी_सुई

बारीक भोकांची. आणि चूल बाहेरच्या पडवीत.